पाहुण्यांचा मुक्काम आणि आजींची झोप

सोमवारी सकाळी माझ्या दवाखान्यात रक्तदाबाचे आकडे चढलेले असतात, हे ध्यानात यायला मला दोन हिवाळे लागले. नालासोपारा पश्चिमेला, निर्मळकडे जाणाऱ्या रस्त्यालगत माझा दवाखाना आहे. कळंब, राजोडी, भुईगाव या किनाऱ्यावरच्या गावांतील वडीलधारी मंडळी तिथे येतात. गुरुवारी ज्यांचा रक्तदाब १३० असतो, तीच व्यक्ती सोमवारी आली तर १६० भरतो. जेवणात फरक नाही, औषधांत फरक नाही. मी मिठाची चौकशी केली, लोणच्याची केली, सुक्या बोंबलांचीही केली. झोपेची मात्र केली नाही.

ती चौकशी न करण्याची किंमत एका आजींनी मोजली. त्यांचे वय ७८. कळंबच्या किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर घर, मागे नारळ-केळींची वाडी. सलग दोन सोमवारी त्यांचा रक्तदाब वाढलेला पाहून मी गोळीची मात्रा वाढवली. त्याच आठवड्यात, गुरुवारी पहाटे, अंथरुणातून उठून न्हाणीघराकडे जाताना त्यांना चक्कर आली आणि त्या पडल्या. उजवे मनगट मोडले. प्लास्टर घातलेला हात पदरात धरून त्या समोर बसल्या, तेव्हा मी पहिल्यांदा विचारले, "आजी, शनिवारी-रविवारी झोप लागते का हो?"

"कशी लागणार, डॉक्टर? शनिवार आला की माझ्या उशाशी जनरेटर लागतो."

जनरेटर पाहुण्यांचा होता, आणि पाहुणे त्यांच्याच वाडीत उतरलेले होते. मुलाने वाडीचा पुढचा भाग साफ करून तिथे गाड्या उभ्या करायची सोय केली होती. एका रात्रीचे ठरावीक भाडे, विहिरीचे पाणी, सकाळी चहा आणि तांदळाची भाकरी. आजी पहाटे उठून तीच भाकरी थापत होत्या. म्हणजे ज्या उत्पन्नातून त्यांची औषधे येत होती, तेच उत्पन्न त्यांचा रक्तदाब वाढवत होते. वाचकहो, अशा वेळी डॉक्टरने कागदावर काय लिहावे?

या गाड्यांविषयी थोडे सांगतो. ज्यांना इंग्रजीत मोटरहोम किंवा कॅरॅव्हॅन म्हणतात, त्यात बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी आणि शौचालय असते. अशी खरीखुरी वाहने आमच्याकडे क्वचितच दिसतात. बाकीची म्हणजे आसने काढून गाद्या टाकलेल्या मिनीबस, टपावर तंबू उघडणाऱ्या मोठ्या मोटारी आणि आत नुसतेच झोपायचे म्हणून आणलेल्या साध्या गाड्या. मुंबईपासून जवळ, सुरूची झाडे, सपाट वाळू, लोक येणारच. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. गाडी उभी करायला आखलेली जागा असावी, तिथे पाणी, वीज आणि स्वच्छतेची सोय असावी, अशी त्यामागची कल्पना. त्याच वर्षी केरळनेही असेच धोरण आणले. कागदावर विचार योग्य आहे. पण आखलेली जागा तयार होण्याआधी गाड्या येतात, आणि त्या मिळेल त्या अंगणात उभ्या राहतात.

मुक्कामाला माणसे येणे आमच्या भागाला नवे नाही. कार्तिकात निर्मळची जत्रा भरते, तेव्हा जुन्या काळी लोक बैलगाड्या जोडून येत आणि गाडीच्या आडोशालाच रात्र काढत, असे माझे वृद्ध रुग्ण सांगतात. जत्रेतली सुकेळी घेऊनच घरी परतायचे. ती गाडी म्हणजे त्या काळचे मोटरहोमच म्हणायचे. फरक एवढाच, की बैल मागे शेण ठेवून जात, ते वाडीच्या कामी येई.

आता झोपेविषयी. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्रीच्या गाढ झोपेत दिवसापेक्षा साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरतो. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना मिळणारी ही रोजची सुट्टी. ती मिळाली नाही, तर पक्षाघात आणि हृदयविकाराची शक्यता वाढते. उतारवयात झोप मुळातच पातळ होते, लघवीसाठी दोनदा उठावे लागते, आणि एकदा मोडलेली झोप पुन्हा जुळायला वेळ लागतो. आवाजाने माणूस पूर्ण जागा झाला नाही, तरी शरीर त्याची दखल घेते. नाडी जलद होते, ताणाची संप्रेरके पाझरतात. "मला काही ऐकूच येत नाही, मला कसला त्रास," असे म्हणणाऱ्या आजोबांचाही रक्तदाब रात्रीच्या आवाजाने वाढू शकतो. मधुमेह असेल, तर अपुऱ्या झोपेनंतर सकाळची साखर चढलेली दिसते. आणि स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीची एक रात्र बिघडली, तर पुढचे दोन दिवस सारे घर बिघडते, हे तिची शुश्रूषा करणाऱ्यांना मी सांगायला नको.

कायद्याने निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल ठेवली आहे. दोन माणसांचे साधे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे असते. अंगणात चालणारा छोटा जनरेटर त्या बोलण्याहून मोठा. ध्वनिप्रदूषणाचे हे नियम २००० सालचे आहेत आणि ते लग्नाच्या मांडवाला जसे लागू आहेत, तसे गाडीतल्या स्पीकरलाही. ११२ वर दूरध्वनी करून पोलिसांना कळवता येते. पण आपल्याच मुलाच्या पाहुण्यांविरुद्ध कोणती आई दूरध्वनी करील?

म्हणून मी औषधाकडे वळण्याआधी त्यांना एक वही करायला सांगितली. आपणही करावी अशी विनंती आहे. रक्तदाब दिवसातून दोनदा, सकाळी औषधापूर्वी आणि संध्याकाळी, पाच मिनिटे शांत बसून मोजावा. आठवड्यातले सगळे वार त्यात यावेत, आणि शेजारी एका शब्दात रात्रीची झोप लिहावी: बरी, मोडकी, नाही. एकाच दिवसाच्या आकड्यावर गोळी वाढवण्याची चूक मी केली. ती वही समोर असती, तर झाली नसती. लघवी होण्याची गोळी चालू असेल, तर ती कोणत्या वेळी घ्यावी हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा. पुष्कळ जण ती संध्याकाळी उशिरा घेतात आणि रात्रभर उठत राहतात. स्वतःच्या मनाने मात्र वेळ किंवा मात्रा बदलू नका. आणि झोपेच्या गोळीचा आग्रह धरू नका. उतारवयात त्या गोळीने तोल जातो, आणि अंधारात पडून मोडलेले खुब्याचे हाड कधीकधी माणसाला पुन्हा उभेच राहू देत नाही.

येथवर वाचून मी पाहुण्यांच्या विरोधात आहे असे आपणास वाटेल. तसे नाही. गेल्या हिवाळ्यात मुंबईचे एक कुटुंब असेच वाहन घेऊन आले होते. वडिलांना पक्षाघात होऊन चार वर्षे झालेली, डावी बाजू निकामी. हॉटेलात न्यायचे तर न्हाणीघराला उंबरा, दार अरुंद, पलंग उंच. या गाडीत त्यांनी फळी लावून चाकाची खुर्ची आत घेतली होती आणि बिछान्याशेजारीच शौचाची सोय होती. किरकोळ खोकल्यासाठी ते मला दाखवायला आले. सून म्हणाली, "डॉक्टर, बाबांनी चार वर्षांनी समुद्र पाहिला." बाबांना नीट बोलता येत नव्हते, त्यांनी उजव्या हाताने लाट दाखवली. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी आणि त्याच्यापाशी बांधल्या गेलेल्या घरच्यांसाठी अशी दोन दिवसांची मोकळीक फार मोलाची असते. माझ्याकडे येणाऱ्या शुश्रूषा करणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणींनी वर्षानुवर्षे घराबाहेर रात्र काढलेली नाही.

ज्यांना घरातील वृद्धांना घेऊन असे निघायचे आहे, त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी मात्र आग्रहाने सांगतो.

पहिली गोष्ट जिवाची आहे. बंद गाडीत इंजिन चालू ठेवून, वातानुकूलन लावून झोपू नका. जनरेटर खिडकीखाली ठेवू नका. थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांची शेगडी आत घेऊ नका. या तिन्हींतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. गाडीतल्या दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, मळमळ झाली, गरगरले, तर ते जेवण बाधले असे समजू नका. आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा आणि रुग्णालय गाठा. आणखी एक. करोनाच्या काळात घराघरांत आलेले, बोटाला लावायचे ऑक्सिजनचे यंत्र इथे फसवते. कार्बन मोनॉक्साइडने माखलेल्या रक्तातही ते ९८ दाखवू शकते. त्या आकड्यावर विसंबू नका.

दुसरी गोष्ट सापाची. गाडी लहान पडते म्हणून तरुण मंडळी वाडीत जमिनीवर अंथरूण टाकतात. मण्यार हा साप रात्रीच हिंडतो, आणि झोपलेल्या माणसाला त्याचा दंश कित्येकदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, बोलणे जड होते. अशी लक्षणे दिसली की दंशाची खूण शोधत बसू नये. आवळून बांधू नये, कापू नये; माणसाला चालू न देता १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने रुग्णालयात न्यावे. जमिनीवर झोपूच नये हे उत्तम. झोपायचेच तर मच्छरदाणी चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचावी. डासांसाठीही ती हवीच.

औषधांचे थोडक्यात सांगतो. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहावे लागते, आणि उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ते दुपारभरात वाया जाते. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी पाय मोकळे करावेत, नाहीतर पोटरीत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो.

तिसरी गोष्ट मी सविस्तर सांगणार आहे, कारण ती रात्र मी विसरलेलो नाही. वाडीत उतरलेल्या एका कुटुंबासोबत ८१ वर्षांचे आजोबा होते. स्मृतिभ्रंश सुरू झालेला, पण घरात सगळे नीट करत म्हणून घरच्यांना भरवसा. रात्री कधीतरी ते लघवीसाठी उठले. घरात दार उजवीकडे होते, गाडीत डावीकडे. ते बाहेर पडले आणि आपले घर शोधत आवाजाच्या दिशेने चालू लागले. आवाज लाटांचा होता. घरच्यांना जाग आली तेव्हा चार वाजून गेले होते. अंधार, ओहोटी, आणि कुणाला गावातला रस्तासुद्धा ठाऊक नाही. मुलगा नुसता हाका मारत धावत होता. ज्या आजींच्या झोपेची ही कथा आहे, त्या अर्थातच जाग्या होत्या. त्यांनी आपल्या मुलाला उठवले, मुलाने शेजारच्या चार घरांना उठवले, आणि होड्यांकडे निघालेल्या मच्छीमारांना निरोप गेला. भरतीचे पाणी कुठून आधी आत शिरते हे या माणसांना ठाऊक असते. त्यांनी त्या बाजूने शोध घेतला. आजोबा गुडघाभर पाण्यात, एका होडीच्या दोराला धरून उभे होते. अंग गार पडलेले, पायाला शिंपल्यांनी कापलेले. मला बोलावले तेव्हा आजींच्या ओटीवर त्यांना गोधडीत गुंडाळून बसवले होते आणि आजी प्लास्टरच्या हाताने कपबशी सावरत त्यांना चहा पाजत होत्या.

म्हणून सांगतो: स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला परक्या जागी एकट्या बाजूला झोपवू नका. दाराशी कुणीतरी झोपावे, दाराला साधी घंटा बांधावी, मंद दिवा रात्रभर असावा, आणि खिशात किंवा मनगटावर नाव व दूरध्वनी क्रमांक असावा. आणि जिथे उतरलात, तिथल्या घरच्यांना संध्याकाळीच सांगा की आमच्यासोबत असे वडील आहेत. भाड्याचे पैसे देऊन जागा मिळते. ओळख वेगळी करावी लागते.

आता पाण्याकडे वळू. वसईच्या पश्चिम पट्ट्याचे आरोग्य विहिरीवर आणि बावखलांवर उभे होते. बावखल म्हणजे वाडीत खोदलेले तळे. पावसाचे पाणी त्यात साठे, जमिनीत मुरे आणि विहिरी गोड ठेवी. किनाऱ्यालगत गोड पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. वरून फार उपसा झाला की खालचे खारे पाणी वर येते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस टँकरने होणाऱ्या उपशाविरुद्ध आणि बेबंद बांधकामांविरुद्ध इथे हरित वसईची चळवळ उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे नाव त्या लढ्याशी कायमचे जोडलेले आहे. त्यानंतरही अनेक बावखले बुजली. खारट झालेले पाणी पिणाऱ्या घरात मी रक्तदाबाच्या रुग्णाला "मीठ कमी करा" सांगतो, तेव्हा मला स्वतःचीच शंका येते.

त्यात या गाड्यांची भर. चार गाड्यांच्या टाक्या विहिरीवर भरल्या जातात हे एक. दुसरे अधिक गंभीर: भांड्यांचे, अंघोळीचे आणि शौचाचे पाणी कुठे सोडायचे? गाडीतल्या शौचालयाची पेटी एक-दोन दिवसांत भरते. ती रिकामी करायची ठरलेली जागा नसेल, तर सुरूच्या बनात किंवा वाडीच्या कडेला ओतली जाते. वाळूत पाणी झपाट्याने खाली उतरते. गाळले जायला त्याला वेळच मिळत नाही. मैल्याचा खड्डा विहिरीपासून किमान ५० फूट दूर असावा हा जुना नियम घर बांधताना पाळला जातो, पाहुण्याची पेटी ओतताना कोण मोजतो? एका वर्षी जानेवारीत एकाच विहिरीवरच्या तीन घरांतील लहान-मोठ्यांना जुलाब झाले. कारण तेच होते असे मी सिद्ध करू शकत नाही. पण विहिरीत टीसीएल पावडर टाकल्यावर आणि पाणी उकळून प्यायला लागल्यावर नवे रुग्ण आले नाहीत. वृद्धांचे जुलाब कधीही हलके घेऊ नयेत. रक्तदाबाच्या आणि लघवीच्या गोळ्या चालू असताना शरीरातले पाणी उतरले, तर मूत्रपिंडावर चटकन ताण येतो. जलसंजीवनी लगेच सुरू करावी आणि त्या गोळ्या चालू ठेवाव्यात का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे.

जिथे अशी वाहने पूर्वीपासून फिरतात, तिथेही हीच भांडणे झाली. न्यूझीलंडने २०११ मध्ये मोकळ्या जागी मुक्काम करण्याविषयी कायदा केला आणि २०२३ मध्ये तो कडक केला: स्थानिक संस्थेच्या जागेवर गाडीत रात्र काढायची, तर गाडीत पक्के बसवलेले शौचालय असल्याचा दाखला लागतो. फ्रान्स-जर्मनीत गावोगावी छोटे थांबे आहेत; पाणी भरायला एक नळ, मैला सोडायला एक झाकणबंद जागा, आणि राहायला मोजक्या रात्री. फार खर्चाची गोष्ट नाही ती. तो नळ आणि ते झाकण आधी येते, गाडी नंतर येते, एवढेच.

त्या आजोबांच्या रात्रीनंतर आजींच्या मुलाने मला ओटीवर बोलावले. शेजारची दोन घरेही आली होती. तो सरळ म्हणाला, "डॉक्टर, गाड्या बंद करा असं सांगू नका. भाजीवर आता घर चालत नाही." मी तसे सांगणार नव्हतोच. बोलता बोलता ठरले ते असे: गाड्या आता पुढच्या भागात, आजींच्या खिडकीखाली उभ्या राहत नाहीत, वाडीच्या मागच्या टोकाला, मधे केळींची रांग ठेवून राहतात. घरातून मीटर लावून वीज देतो, म्हणून जनरेटर लावायचा नाही. दहाला दिवे मंद. पेटी रिकामी करायला घराच्याच मैल्याच्या टाकीला झाकण करून दिले आहे. तीव्र रसायन घालणाऱ्यांना मात्र तो नाही म्हणतो, कारण त्याने टाकीतले उपयोगी जिवाणू मरतात. एका वेळी तीनच गाड्या. उत्पन्न थोडे घटले. भाडे थोडे वाढवले.

आजींची वाढवलेली गोळी मी पूर्वीच्या मात्रेवर आणली. नातू वही लिहितो. सोमवारचे आकडे आता गुरुवारच्या जवळपास येतात. अगदी बरोबरीचे नाहीत. शेजारच्या मोकळ्या जागेत अजूनही कुणीही उतरते, आणि तिथे केळींची रांग नाही.

३१ डिसेंबर जवळ आला, तेव्हा मुलाने सुचवले की आईने दोन रात्री विरारला बहिणीकडे जावे. वैद्यकीय दृष्ट्या मलाही ते बरे वाटले आणि मी तसे म्हणालो. आजींनी मनगटावरची पट्टी सोडवत माझ्याकडे पाहिले.

"घर माझं, विहीर माझी. पाहुणा आला म्हणून मीच कुठे जाऊ, डॉक्टर?"

त्या गेल्या नाहीत. त्या रात्रीच्या रकान्यात नातवाने लिहिले आहे: नाही.